उन्हाचे पैसे

मराठीत वडीलधाऱ्या माणसाला आपल्या शब्दाला वजन आणायचे असले की तो ‘हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ असे बजावतो. उन्हाने केसांचा रंग उतरणे ही फुकटात होणारी, कोणत्याही कर्तृत्वाची साक्ष न देणारी आणि म्हणून बिनमोलाची गोष्ट आहे, असे या वाक्प्रचारात गृहीत धरलेले असते. सलूनच्या दरपत्रकात अलीकडे ठळकपणे छापल्या जाणाऱ्या ‘नॅचरल हायलाइट्स’ या सेवेने हे गृहीतक मुळापासून उलथून टाकले आहे, कारण केस उन्हाने उजळल्यासारखे दिसावेत, एवढ्यासाठीच तेथे चार तास बसावे लागते आणि उठताना पाच आकडी रक्कम मोजावी लागते.

हायलाइट म्हणजे डोक्यावरचे सगळे केस न रंगवता त्यांतील निवडक बारीक बटा मूळ रंगापेक्षा उजळ करणे. सगळेच केस एका रंगाने रंगवले तर त्याला सलूनच्या परिभाषेत ‘ग्लोबल’ म्हणतात, ज्याचा जागतिकीकरणाशी संबंध इतकाच की दोन्हींनंतर मूळचे काय होते हे सांगता येत नाही. ‘नॅचरल’ या विशेषणाचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा लागतो. पाहणाऱ्याला बट उजळ दिसावी पण ती उजळलेली दिसू नये, बदल जाणवावा पण सापडू नये, अशी ही अट आहे, आणि ती घालणारी स्त्री एरवी घराच्या रंगकामात अशी संदिग्धता मुळीच खपवून घेत नाही.

केस रंगवणे मराठी घराला नवे नाही. त्याचे जुने नाव ‘कलप’. रविवारी सकाळी, जुने बनियन घालून, न्हाणीघराला आतून कडी लावून, दातांच्या सेवेतून निवृत्त झालेल्या ब्रशाने तो लावला जाई. सोमवारी कचेरीत त्या गृहस्थाच्या कानाच्या पाळीवर राहिलेला काळा ठिपका सर्वांना दिसे, पण त्याविषयी कोणी बोलत नसे. युजेन शुलर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1907 मध्ये कृत्रिम केशरंग तयार करून तो पॅरिसच्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली आणि 1909 मध्ये कंपनी काढली, जी पुढे लॉरिआल म्हणून जगभर पसरली. पण त्या सगळ्या उद्योगाचा पाया न्हाणीघराच्या या कडीवरच उभा होता, असे म्हणता येईल. कलप लावणाऱ्याला तो कोणाच्याही लक्षात आला नाही की समाधान वाटते. नॅचरल हायलाइट्स करणाऱ्या स्त्रीलाही ते कोणाच्या लक्षात येऊ नयेत असेच वाटत असते, आणि कोणाच्याही लक्षात आले नाहीत की ती आठवडाभर घरात कमी बोलते. कलप आणि हायलाइट यांतला खरा फरक रसायनाचा नसून हा आहे.

दोहोंच्या मध्ये मेंदीचे युग येऊन गेले, ज्याची शास्त्रीय नोंद घेणे अगत्याचे आहे. मेंदीच्या पानांतील लॉसोन नावाचे रंगद्रव्य केसांतील केराटिन या प्रथिनाला चिकटते. ते काळा केस उजळवू शकत नाही, पण पांढऱ्या केसाला नारिंगी करते. परिणामी पन्नाशीच्या आसपासच्या ज्या स्त्रियांचे केस काही काळे आणि काही पांढरे होते, त्यांच्या डोक्यावर लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेल्या, चहाचे पाणी आणि लिंबू पिळलेल्या मेंदीने काळ्या केसांमधून लखलखीत नारिंगी बटा खेळू लागत. व्याख्येच्या कसोटीवर पाहिले तर त्या हायलाइट्सच होत्या, त्याही घरच्या घरी केलेल्या. फक्त त्या काळी त्यांना तसे नाव नसल्यामुळे त्यांचे पैसे कोणाला आकारता आले नाहीत.

उन्हाने केस उजळवून घेण्याची हौस मात्र युरोपातील जुनी आहे. चेझारे व्हेचेल्लिओ याने 1590 मध्ये व्हेनिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या वेशभूषाविषयक ग्रंथात तेथील स्त्रिया घराच्या छपरावरील लाकडी गच्चीत बसून केसांना द्रावण लावताना दाखवल्या आहेत. त्यांच्या डोक्यावर ‘सोलाना’ नावाची विशिष्ट टोपी असे, जिला काठ होता पण माथा नव्हता. माथ्याच्या भोकातून केस बाहेर काढून ते काठावर चहूबाजूंनी पसरायचे, म्हणजे केसांना ऊन लागे आणि चेहरा सावलीत राही. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घालणाऱ्या कोणत्याही मराठी गृहिणीला ही रचना पाहताक्षणी कळेल, फक्त कावळे हाकायला तेथे कोण बसत असे एवढाच प्रश्न तिला पडेल. याउलट पुण्यातील स्कूटरस्वार स्त्री चेहरा आणि केस या दोहोंभोवती ओढणी अशी गुंडाळते की डोळ्यांखेरीज काहीही उघडे राहत नाही. वर्षाचे आठही कोरडे महिने फुकट मिळणारे ऊन ती अशा रीतीने डोक्यापर्यंत पोचू देत नाही, आणि मग तीच ओढणी सोडून सलूनच्या खुर्चीत बसते व उन्हाचा परिणाम मागते.

पहिल्या भेटीची सुरुवात ‘कन्सल्टेशन’ने होते. सल्लामसलतीच्या या टप्प्यात ग्राहक मोबाइलवरील छायाचित्र पुढे करते. छायाचित्रातील तरुणी बहुधा मुळातच तपकिरी केसांची असते, तिच्या बटा गरम चिमट्याने वळवलेल्या असतात आणि तिच्यासमोर गोल दिवा लावलेला असतो. म्हणजे त्या छायाचित्रातील तीन गोष्टींपैकी एकही गोष्ट हायलाइट नसते. केशतज्ज्ञ ते छायाचित्र बोटांनी मोठे करून पाहतो, मग समोरच्या डोक्याकडे पाहतो, मग पुन्हा छायाचित्राकडे. स्थळाचा फोटो आणि प्रत्यक्ष मुलगा यांची तुलना करणाऱ्या मामाच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तोच या वेळी त्याच्या चेहऱ्यावर असतो. त्यानंतर पोलीस ठाण्यात शोभावा असा एकच प्रश्न येतो.

“मॅडम, मेंदी लावता का?”

“नाही हो. म्हणजे, लग्नसराईत कधीतरी.”

“शेवटची कधी?”

“दिवाळीत. पण अगदी थोडी. कंडिशनिंगसाठी.”

या प्रश्नामागे कारण आहे. शुद्ध मेंदीचा थर केसावर बसला की त्याखालचा रंग काढणे कठीण होते. बाजारातील काही मिश्र मेंदीत धातूंचे क्षार असतात, आणि त्यांची हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतात आणि प्रसंगी तुटतात. केशतज्ज्ञ म्हणूनच धातू या विषयाबाबत हळवा असतो, आणि लोखंडी कढईचा उल्लेख त्याच्यापुढे कोणतीही अनुभवी स्त्री करत नाही. रंगाची ॲलर्जी आहे का हे पाहण्यासाठी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस थोडा रंग लावून 48 तास थांबावे, असा नियमही याच वेळी सांगितला जातो. मुलाच्या दहावीच्या निकालासाठी दोन महिने आणि नळजोडणीसाठी दोन वर्षे शांतपणे थांबलेली स्त्री हे 48 तास मात्र अन्यायकारक मानते, कारण आज केले नाही तर धाडस ओसरेल हे तिला पक्के ठाऊक असते.

मग रंगपट्टी पुढे येते, जिला ‘शेड कार्ड’ म्हणतात आणि जिच्यावर नायलॉनच्या केसांची छोटी छोटी शेंडीवजा भेंडोळी ओळीने चिकटवलेली असतात. प्रत्येकाखाली दशांश चिन्ह असलेला आकडा असतो. चिन्हाच्या आधीचा आकडा रंगाची खोली, म्हणजे ‘लेव्हल’, सांगतो, ज्यात 1 म्हणजे काळाभोर आणि 10 म्हणजे फिकट सोनेरी. चिन्हानंतरचा आकडा छटा सांगतो, उदाहरणार्थ अनेक कंपन्यांच्या पट्टीत 3 म्हणजे सोनेरी आणि 4 म्हणजे तांबूस. ज्या समाजात सातबारा उताऱ्यावरील आकडे वाचणारी माणसे घरोघर आहेत, त्या समाजाला ही पद्धत अवघड वाटू नये, पण आकड्यांशेजारी नावेही असतात आणि घात तेथे होतो. चॉकलेट, कॅरॅमल, हनी, हेझलनट, मोका. पट्टी हातात घेतलेली स्त्री आपण केशकर्तनालयात आहोत की बेकरीत, या संभ्रमात पडते. खाद्यपदार्थांवरूनच नावे द्यायची होती तर काकवी, चिकीचा गूळ, भाजलेला दाणा आणि जुनी चिंच या चार शब्दांत सगळी पट्टी आटोपली असती आणि गिऱ्हाइकाला नेमके काय मिळणार तेही कळले असते.

साडीच्या दुकानात अबोली आणि पीच, डाळिंबी आणि मरून, अंजिरी आणि वांगी यांतील भेदावर तासभर वाद घालून दुकानदाराला शंभर घड्या मोडायला लावणारी मराठी स्त्री येथे केवळ दोनच शब्द बोलू शकते, ते म्हणजे ‘फार नको’. मराठी भाषेने तिला रंगांची एवढी श्रीमंती दिली, पण काळ्याखेरीज केसाला लावण्यासाठी फारसे काही दिले नाही, कारण तशी गरजच कधी पडली नव्हती. तपकिरी हा शब्ददेखील तपकिरीवरून, म्हणजे नाकात ओढायच्या वस्तूवरून आलेला आहे, आणि ‘तपकिरीसारखे करा’ असे कोणी सलूनमध्ये म्हणणे अशक्य आहे. ‘फार नको’ हीच मग संपूर्ण मागणी ठरते. केशतज्ज्ञ तिचे भाषांतर ‘दोन ते तीन लेव्हल वर’ असे करतो आणि कामाला लागतो.

पुढची क्रिया समजण्यासाठी थोडे रसायन आवश्यक आहे. केसाच्या बाहेरच्या आवरणावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात आणि आत गाभ्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य असते. काळसर छटा देणारे ते युमेलॅनिन आणि लालसर-पिवळी छटा देणारे ते फिओमेलॅनिन. ब्लीच म्हणजे अल्कधर्मी भुकटी आणि ‘डेव्हलपर’ नावाचे हायड्रोजन पेरॉक्साइडचे मिश्रण. त्यामुळे खवले उचलले जातात, पेरॉक्साइड गाभ्यात शिरते आणि मेलॅनिनचे ऑक्सिडीकरण होऊन रंग जातो. डेव्हलपरची तीव्रता ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात. 20 व्हॉल्यूम म्हणजे ज्याच्या एका लिटरमधून 20 लिटर ऑक्सिजन सुटतो ते, अर्थात 6 टक्के पेरॉक्साइड, आणि 40 व्हॉल्यूम म्हणजे 12 टक्के. ऊनही मेलॅनिनचे ऑक्सिडीकरणच करते, म्हणजे काम तेच आहे, पण ऊन ते काही महिन्यांत आणि सरसकट करते. सलून ते 40 मिनिटांत आणि निवडून करते, आणि गिऱ्हाईक पैसे मोजते ते या निवडीचे.

निवड करण्याच्या रीती दोन. पहिलीत शेपटीच्या कंगव्याने, म्हणजे ज्याचे दुसरे टोक सळईसारखे असते अशा कंगव्याने, केसांच्या पातळ थरातून एक आड एक बट वर काढतात. तिला ब्लीच फासून ती ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळतात. दुसरी रीत ‘बालायाज’ या फ्रेंच नावाने ओळखली जाते. तीत फॉइलची गरज नसते, ब्रशाने हातानेच बटांवर वरून खाली फटकारे ओढतात, मुळाशी पुसट आणि टोकाशी दाट. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढत असल्याने नव्या काळ्या मुळांची रेघ उठून दिसते, पण बालायाजमध्ये सीमारेषाच आखलेली नसल्याने ती रेघ महिनोन्महिने कळत नाही, म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्यांना ही रीत सुचवली जाते. फ्रेंच भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ केर काढणे, झाडणे असा आहे. ज्या कामाची मोलकरणीकडून मराठी घरात रोज दोनदा घासाघीस करून अपेक्षा ठेवली जाते, त्याच कामाचे फ्रेंच नाव दरपत्रकावर सगळ्यांत महागड्या ओळीत विराजमान झालेले असावे, हा भाषाशास्त्रातील एक करुण योगायोग मानावा लागेल.

दर केसांच्या लांबीवर ठरतो, खांद्यापर्यंत एक, पाठीपर्यंत दुसरा, कमरेपर्यंत तिसरा. लांबसडक वेणी हे ज्या संस्कृतीत पिढ्यान्पिढ्या भाग्याचे लक्षण मानले गेले, तेथे कमरेपर्यंतचे केस आयुष्यात पहिल्यांदाच केवळ खर्चाची बाब म्हणून समोर येतात. काही स्त्रिया त्याच क्षणी केस कापून घेण्याचा निर्णय घेतात. ही काटकसर असते, पण घरी मात्र ती ‘नवा लुक’ म्हणून सांगितली जाते.

फॉइल बांधून बसण्याचा काळ हा या विधीतील सर्वांत दीर्घ आणि सर्वांत समतावादी भाग आहे. ज्या फॉइलमध्ये सकाळी मुलांच्या डब्याच्या पोळ्या गेल्या, तीच आता डोक्यावर चाळीस-पन्नास घड्यांनी उभी असते. बँकेची शाखाधिकारी असो, प्राध्यापिका असो की नगरसेविका, प्रत्येकीचे डोके अर्धवट सजवलेल्या आकाशकंदिलासारखे दिसते. या अवस्थेत ओळखीचे कोणी समोर आले तर दोघींनी एकमेकींना न ओळखण्याचा अलिखित संकेत आहे, आणि तो कलपाच्या काळातील ठिपक्याइतकाच निष्ठेने पाळला जातो. केशतज्ज्ञ मधूनच येऊन एखादी पुडी उलगडतो, आत डोकावतो, ‘अजून थोडं’ म्हणून परत मिटतो. भात शिजला का हे शीत चेपून पाहण्याची जी पद्धत आहे, तिच्यापेक्षा हे वेगळे नाही. पण येथे झाकण उघडल्यावर जे दिसते ते ज्याचे त्याने पाहिलेले बरे.

दिसते ते नारिंगी. याला अपघात म्हणता येत नाही, तो निसर्गक्रम आहे. काळा केस उजळत जाताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा होतो, कारण युमेलॅनिन आधी जाते आणि लालसर फिओमेलॅनिन हट्टाने मागे राहते. तीन लेव्हल वर जायचे तर वाटेत नारिंगी हे स्टेशन लागतेच आणि गाडी बहुतेकदा तेथेच थांबते. सासूबाईंच्या डोक्यावरील ज्या मेंदीच्या रंगापासून दूर जाण्यासाठी हा सारा खटाटोप आरंभिला, तोच रंग अडीच तासांनंतर आणि कितीतरी पटींनी अधिक खर्च करून आरशात प्रकट होतो. पहिल्यांदाच आलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यावरचे भाव या क्षणी पाहण्यासारखे असतात, आणि अनुभवी केशतज्ज्ञ म्हणूनच तिला घाईघाईने केस धुवायच्या खुर्चीवर नेतो, जेथे मान मागच्या खाचेत अडकवल्यामुळे छताखेरीज काही दिसू शकत नाही.

यानंतर लागतो तो ‘टोनर’. मागे राहिलेली नको ती छटा दाबण्यासाठी तिच्या विरुद्ध रंगाची हलकी छटा वरून देणे, एवढेच त्याचे काम. नारिंगीला निळा मारतो आणि पिवळ्याला जांभळा. ज्या घरात पांढरे सदरे पिवळट पडू नयेत म्हणून शेवटच्या पाण्यात नीळ घातली जात असे, त्या घरातील स्त्रीला हे शास्त्र नव्याने शिकवण्याचे कारण नाही. टोनर ही केसांची नीळ आहे. मात्र नीळ धुण्याच्या हिशेबात धरली जाई आणि टोनर बिलात स्वतंत्र ओळीत येतो. त्याखाली सल्फेटविरहित शाम्पू, त्याखाली केसांचे तुटलेले बंध सांधणारे औषध, आणि त्याखाली महिनाभराने लागणारा निळा शाम्पू, जो वास्तविक पुन्हा नीळच आहे.

शेवटी केस वाळवून, फुगवून, वळवून झाल्यावर मागे आरसा धरला जातो. फटी-फटीतून काकवीच्या रंगाची, कोठे सुरू झाली ते न कळणारी बारीक झाक खेळत असते. ती खरोखर सुंदर असते, याविषयी दुमत नसावे. डोक्यावरच्या सुमारे लाखभर केसांतील थोड्याच केसांना हात लावून हे साधते, आणि केशतज्ज्ञाचे कौशल्य त्याने न रंगवलेल्या केसांत असते. स्त्री मान इकडे वळवते, तिकडे वळवते, पैसे देते आणि घरी जाते.

घरी पती वर्तमानपत्रातून मान वर करून विचारतो, “एवढा वेळ? गर्दी होती का? नंबर लागला नाही वाटतं.” मुलगा पाहतच नाही. शेजारीण पाहते आणि चष्मा बदलला का म्हणते. घरी कामाला येणारी बाई मात्र दार उघडताच थांबते, डोक्यापासून खालपर्यंत एक नजर टाकते आणि थेट मुद्द्याला हात घालते, “ताई, किती घेतले?” खरी रक्कम सांगितली तर महिन्याचा पगार वाढवण्याची चर्चा सुरू होईल हे ओळखून निम्मी सांगितली जाते, आणि ती निम्मी आहे हे समोरच्या बाईला कळलेले असते.

नैसर्गिकतेचे खरे प्रमाणपत्र येते ते चौथ्या दिवशी, साताऱ्याच्या आत्याबाईंच्या व्हिडिओ कॉलवर. त्या पडद्याजवळ चेहरा आणतात, चष्मा कपाळावरून खाली ओढतात आणि चिंतेने म्हणतात, “अगं, केस किती तांबूस पडलेत तुझे! तेल नाही, पाणी नाही. रक्त तपासून घे बाई एकदा. आणि उन्हात फिरताना डोक्याला काही बांधत जा.” व्हेनिसच्या गच्चीवरील स्त्रियांपासून पॅरिसच्या सलूनपर्यंत सगळ्यांनी ज्याच्यासाठी जिवाचे रान केले, ते सर्वोच्च यश हेच आहे. केस उन्हाने उजळल्यासारखे दिसले, आणि पाहणारीला तिळमात्र शंका आली नाही. पुढच्याच आठवड्यात ओळखीच्या माणसाबरोबर माका आणि जास्वंद घालून उकळलेल्या खोबरेल तेलाची मोठी बाटली येऊन पोचते, आणि आत्याबाई विचारतील म्हणून शनिवारी रात्री ते चापून लावले जाते. तेलाचा थर बसला की केसाच्या पृष्ठभागावरून विखुरणारा प्रकाश कमी होतो आणि केस आहे त्याहून गडद दिसतो. कॅरॅमल, हनी, हेझलनट सगळे एका रात्रीत मावळते, आणि रविवारी सकाळच्या कॉलवर आत्याबाई समाधानाने म्हणतात, “बघ, एकाच चंपीत काळे झाले की नाही!”